पहिली क्रूझ, तीही एकटीने: तिकिटापासून सोबतीपर्यंत

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी बोलले तसंच आहे.)

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, आणि भांडी घासत असाल तर फोन नळापासून लांब ठेवा.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. एप्रिलमध्ये मी मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ केली. एकटीने. फोटो टाकल्यापासून तेच चार प्रश्न येतायत. एकट्या माणसाला परवडतं का? बोट लागते का? सेफ आहे का? आणि सगळ्यात जास्त वेळा, “अगं, बोअर नाही झालं?”

चारही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्या ट्रिपमधला माझा सगळ्यात वाईट तास या चारांत नीट बसत नाही. तो शेवटच्या रात्री आला, माझ्याच एका चुकीमुळे आला, आणि खरं तर त्याच्यासाठीच हा भाग करतेय. तर क्रमाने जाऊ.

आधी पैशांचं बोलू

क्रूझची जाहिरात बघितली की ‘माणशी अमुक रुपये’ असं मोठ्या अक्षरात दिसतं. खाली बारीक अक्षरात असतं ‘ट्विन शेअरिंग’. म्हणजे काय, तर एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून हा आकडा काढलाय. तुम्ही एकटे असाल तर दुसऱ्या रिकाम्या बेडचेही पैसे भरायचे. त्याला म्हणतात सिंगल सप्लिमेंट.

सोपं उदाहरण घेऊ. समजा माणशी भाडं २०,००० रुपये आहे. सप्लिमेंट ५० टक्के असेल तर तुम्हाला ३०,००० पडणार. १०० टक्के असेल तर सरळ ४०,०००. म्हणजे तुम्ही आणि तुमची अदृश्य मैत्रीण, दोघींचं तिकीट. एकाच क्रूझवर वेगवेगळ्या तारखांना हा टक्का वेगळा असू शकतो. सुट्ट्यांच्या आठवड्यात जास्त, गर्दी नसताना कमी. त्यामुळे ‘भाडं किती’ हे विचारायच्या आधी ‘एकट्याला सप्लिमेंट किती’ हे विचारा.

हे अन्यायकारक वाटतं ना? मलाही वाटलं. पण त्यामागचा हिशेब बघा. जहाजाची कमाई फक्त भाड्यातून होत नाही. ड्रिंक्स, स्पा, कसिनो, फोटो, किनाऱ्यावरच्या टूर्स, या सगळ्यांतून होते. रिकामा बेड कॉफीही पीत नाही आणि मसाजही करून घेत नाही. म्हणून कंपनीला एकट्या प्रवाशाचा तोटा वाटतो आणि तो ती आपल्याकडून वसूल करते.

यावर परदेशात एक तोडगा निघालाय. २०१० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजावर खास एकट्या माणसांसाठी १२८ छोट्या स्टुडिओ केबिन काढल्या. साधारण १०० चौरस फुटांच्या, समुद्राकडे खिडकी नसलेल्या, पण भाडं एकाच माणसाचं धरून. शिवाय या स्टुडिओवाल्यांसाठी एक वेगळी बैठकीची खोली, जिथे एकटे आलेले सगळे एकमेकांना भेटतील. पुढे इतर कंपन्यांनीही अशा केबिन काढल्या. तुम्ही सिंगापूर किंवा युरोपातून क्रूझ घेणार असाल तर ‘सोलो केबिन आहे का’ हे आधी शोधा. त्या थोड्याच असतात आणि पटकन भरतात.

अजून एक गोष्ट. बिलात पोर्ट चार्जेस आणि टॅक्स वेगळे दाखवलेले असतात. ते डोक्यामागे एक असे असतात. रिकाम्या बेडला डोकं नाही, त्यामुळे ते एकाच माणसाचे लागलेत ना, हे तपासा. आणि सर्व्हिस चार्ज किंवा टिप आधीच धरली आहे की जहाजावर कापणार आहेत, हेही विचारून घ्या. जहाजावर रोख फारशी चालत नाही. केबिनचं कार्ड दाखवायचं आणि घ्यायचं. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखंच आहे हे, फक्त वही आपल्याला दिसत नाही. मी रोज रात्री रिसेप्शनला जाऊन बिल बघत होते. एकट्या माणसाने हे करावंच, कारण ‘ती दुसरी कॉफी कुणाची?’ असं विचारायला शेजारी कुणी नसतं.

केबिन कुठली घ्यायची

ढोबळ चार प्रकार असतात. आतली, म्हणजे खिडकी नसलेली. खिडकीवाली. बाल्कनीवाली. आणि सुइट. एकट्यासाठी आतली सगळ्यात स्वस्त. पण तिच्यात दिवा बंद केला की दिवसासुद्धा मिट्ट काळोख, आणि सकाळ झालेली कळतच नाही. मी खिडकीवाली घेतली. सप्लिमेंट धरून बजेट तिथेच संपलं.

प्रकारापेक्षा जास्त महत्त्वाची आहे केबिनची जागा. लहानपणी सी-सॉवर बसलायत ना? टोकाला बसलं की वर-खाली जोरात होतं, मधे बसलं तर कमी. जहाजाचंही तसंच. पुढच्या आणि मागच्या टोकाला हेलकावे जास्त, मधे कमी. आणि वरच्या मजल्यांपेक्षा खालच्या मजल्यांवर कमी. ज्यांना एसटी लागते, घाटात लिंबू हुंगावं लागतं, त्यांनी डोळे झाकून मधली आणि खालची केबिन मागावी. बुकिंग करताना जहाजाचा डेक प्लॅन बघायला मिळतो, त्यावर नंबर बघून ठरवा.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक खास टिप. जाताना जहाज दक्षिणेला जातं, म्हणजे किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. येताना बरोबर उलट. कुठली बाजू घेतली तरी एकदा तरी सूर्यास्त खिडकीत येतो, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

पण निघतानाचा पहिला तास केबिनमध्ये बसूच नका. वरच्या डेकवर जा. बॅलार्ड पिअरवरून जहाज सुटलं की उजव्या हाताला गेटवे, ताज, मग कुलाबा सरकत जातं. कुलाब्याच्या दक्षिण टोकाला पाण्यात उभं असलेलं प्राँग्स दीपगृह दिसतं, १८७५ सालचं. डावीकडे उरण, मग अलिबागच्या बाजूला खांदेरी-उंदेरी. आयुष्यभर आपण मुंबईतून समुद्र बघितलेला असतो. समुद्रातून मुंबई बघताना मला आपल्याच घराकडे शेजारच्या गच्चीतून बघतेय असं वाटलं.

बॅग, कागद आणि फोन

मोठी बॅग धक्क्यावरच जमा करावी लागते. तिला टॅग लावतात आणि ती नंतर केबिनच्या दाराशी येते. ‘नंतर’ म्हणजे दोन-चार तास लागू शकतात. त्यामुळे औषधं, चार्जर, ओळखपत्र आणि एक स्वेटशर्ट पाठीवरच्या छोट्या बॅगेत ठेवा. एसी कडक असतो.

ओळखपत्र मूळ लागतं, फोनमधल्या फोटोवर भागत नाही. देशांतर्गत क्रूझला साधारणपणे आधार किंवा पासपोर्ट चालतो, पण तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. लक्षद्वीपला जाणारी क्रूझ असेल तर तिथला प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देणार की आपण काढायचा, हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट करून घ्या.

बॅगा स्कॅन होतात. इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड आणि दारू बहुतेक जहाजांवर चालत नाही. आगीच्या भीतीने इस्त्रीवर सगळ्यात कडक नजर. घरचं खाणंही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आईने दिलेले बेसनलाडू स्कॅनरपाशीच थांबले. तिथल्या माणसाने इतक्या नम्रपणे ‘सॉरी मॅडम’ म्हटलं की भांडताही येईना. दोन तिथेच उभ्या उभ्या खाल्ले.

आता फोन. हे तुम्हा मंडळींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की आपलं नेहमीचं नेटवर्क जातं. पण कधीकधी फोनवर दुसरंच नाव येतं आणि दोन-तीन काड्या दिसतात. आपण खूश! तर थांबा. ते जहाजावरचं, उपग्रहातून चालणारं नेटवर्क असू शकतं. त्याचं रोमिंग आपल्या नेहमीच्या पॅकमध्ये नसतं आणि बिल डोळे पांढरे करणारं येऊ शकतं. म्हणून जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर. वाय-फाय हवं असेल तर जहाजाचं विकत घ्यायचं आणि फ्लाइट मोड तसाच ठेवून वाय-फाय चालू करायचं.

नेट नाही म्हणजे यूपीआय नाही, मॅप नाही, क्लाउडवर ठेवलेलं तिकीट नाही. तिकीट, विमा, ओळखपत्राची प्रत फोनमध्ये उतरवून ठेवा. गोव्यात उतरल्यावर टॅक्सीला लागतील म्हणून थोडी रोख जवळ ठेवा. गाणी आणि आपला पॉडकास्ट आधीच डाउनलोड करून घ्या, हे काय मी वेगळं सांगायला हवं?

चढल्यावरची पहिली गोष्ट

जहाजावर चढलं की सगळे आधी बुफेकडे पळतात. पण पहिली खरी गोष्ट म्हणजे सेफ्टी ड्रिल. प्रत्येकाच्या कार्डावर एक मस्टर स्टेशन लिहिलेलं असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं ती जागा. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, हा इशारा. लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात आणि हजेरी घेतात.

कंटाळवाणं वाटतं, पण यातले नियम माणसं मेल्यावर झालेत. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं, त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं आजचं रूप म्हणजे ‘सोलास’. आणि १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल अजून झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावी लागते.

आपल्याकडची आठवण तर अजून जवळची आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आणि बातमी मुंबईत पोचायला कित्येक तास लागले. अलिबाग-रेवसकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती अजून येते.

एकट्याने जाणाऱ्यांनी ड्रिलच्या वेळी एक जास्तीचं काम करायचं. आपल्या केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत एकदा चालत जायचं, लिफ्टने नाही, जिन्याने. कारण गडबडीत ‘इकडून चल’ म्हणून हात धरणारं कुणी नसणार. मला सहा मिनिटं लागली, आणि त्यातली दोन मी चुकीच्या बाजूला गेले म्हणून.

सेफ आहे का?

माझं उत्तर: शहरात जेवढी काळजी घेता तेवढी घ्या. कॉरिडॉरमध्ये कॅमेरे असतात, सिक्युरिटी असते, आणि चढताना-उतरताना प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं. तरी काही गोष्टी पाळा. केबिन नंबर कुणाला सांगू नका, बारमध्ये मोठ्याने तर नाहीच. दाराच्या भोकातून बघितल्याशिवाय दार उघडू नका. आपला ग्लास आपल्याच हातात. रात्री उशिरा, विशेषतः प्यायल्यावर, मोकळ्या डेकवर एकट्याने रेलिंगला टेकून रील काढायचं नाही. हे मुलींइतकंच मुलांनाही सांगतेय. आणि ‘आय ॲम सोलो’ वाली स्टोरी घरी आल्यावर टाका, समुद्रात जाईल कुठे?

जेवणाचं टेबल

आता बोअर होण्याचा प्रश्न. दिवसा अजिबात नाही. डेकवर पाणी बघत बसलं तरी दोन तास जातात. खरी परीक्षा रात्रीच्या जेवणाला. आजूबाजूला वीस जणांचं कुटुंब, हनिमूनची जोडपी, ऑफिसची पोरं, आणि मधे तुम्ही एक ताट घेऊन. पहिल्या रात्री मी जेवणभर फोनमध्ये डोकं घालून बसले. नेट नव्हतं! गॅलरीतले जुने फोटो बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या हॉलमधल्या मॅनेजरला विचारलं, “शेअर्ड टेबल मिळेल का?” हे दोन शब्द लक्षात ठेवा. मोठ्या टेबलावर अनोळखी माणसांबरोबर बसायचं. त्यांनी मला सांगलीच्या एका काका-काकूंबरोबर बसवलं. काका एसटीतून रिटायर झालेले, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस म्हणून मुलांनी पाठवलेलं. काकूंनी दोन मिनिटांत विचारलं, “एकटीच आलीस? भांडून आलीस का घरात?” मी म्हटलं, नाही हो. “मग बरं आहे,” म्हणाल्या आणि पापड पुढे केला. संपला विषय. उद्याही याच टेबलावर भेटायचं ठरलं.

गोव्यात उतरताना

मुंबई ते मुरगाव हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. जहाजाचा वेग नॉटमध्ये सांगतात, एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. पंधरा नॉटने चाललं तर साधारण पंधरा तास. म्हणून संध्याकाळी मुंबई, सकाळी गोवा.

फक्त हे गोवा म्हणजे कळंगुट नाही बरं का! जहाज लागतं मुरगाव बंदरात, वास्कोच्या टोकाला. पणजी तिथून साधारण ३० किलोमीटर, कळंगुट त्याच्याही पुढे. हातात सात-आठ तास असतात, त्यातले जाण्या-येण्यातच तीन घालवू नका. जवळ बोगमाळोचा किनारा आहे, वास्कोचा बाजार आहे. मी बोगमाळोला गेले, मासे खाल्ले, वेळेत परत आले.

वेळेत हा शब्द महत्त्वाचा. ‘ऑल अबोर्ड’ची वेळ जहाज सुटायच्या वेळेच्या आधीची असते, आणि जहाज एका माणसासाठी थांबत नाही. कुटुंबातलं कुणी मागे राहिलं तर बाकीचे आरडाओरडा तरी करतील. तुमच्यासाठी कोण करणार? म्हणून उतरताना जहाजाच्या पत्रकाचा फोटो काढा. त्यावर परतीची वेळ असते आणि बंदरातल्या एजंटचा नंबरही असतो. परत येताना स्वतःला एक तास जास्तीचा द्या.

शेवटची रात्र

आता तो तास. परतीच्या दिवशी दुपारनंतर वारा वाढला. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रूझ साधारण ऑक्टोबर ते मे चालतात. त्यातही डिसेंबर-जानेवारीत पाणी शांत असतं. मी गेले एप्रिलच्या शेवटी. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे डोलणं बरंच कमी होतं. पण कमी होतं, बंद होत नाही.

मी केबिनमध्ये लोळत फोनवर सिरीज बघत होते. हीच चूक. बोट का लागते, तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, ‘आपण हलतोय’. डोळे स्क्रीनवर खिळलेले असतात, ते सांगतात, ‘काही हलत नाहीये’. या दोन साक्षीदारांचं जमेना की पोटात ढवळायला लागतं. उपाय म्हणजे डोळ्यांनाही हलणं दिसू द्यायचं. मोकळ्या हवेत जायचं, लांब क्षितिजाकडे बघायचं, पोट अगदी रिकामं किंवा अगदी भरलेलं ठेवायचं नाही. आलं चघळायचं. गाडी लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची, आणि ती त्रास व्हायच्या आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहणार कशी? त्या गोळीने झोप येते, त्यामुळे वर दारू नको.

मला हे सगळं माहीत होतं. गोळी मोठ्या बॅगेत, बॅग बेडखाली, आणि मी बाथरूमच्या फरशीवर. चार वेळा उलटी झाली. उठलं की चक्कर. तेव्हा लक्षात आलं, की दुपारी झोपताना मी दाराला ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी लावली होती. म्हणजे केबिन आवरणारा दादा येणार नाही. फोनला नेटवर्क नाही, घरच्यांना मीच सांगितलेलं, ‘आता उद्या सकाळी मुंबईत आल्यावरच फोन करेन’. म्हणजे मला इथे काही झालं, पडून डोकं आपटलं, तर उद्या सकाळपर्यंत कुणालाही कळणार नाही. हजारो माणसांच्या जहाजावर मी आहे की नाही हे विचारणारं कुणी नाही.

बोट लागण्यापेक्षा हा विचार जास्त वाईट होता. खरं सांगते, मी फरशीवर बसून रडले.

साडेनऊच्या सुमारास केबिनमधला फोन वाजला. रांगत जाऊन उचलला. रिसेप्शन. “मॅडम, तुम्ही जेवायला आला नाहीत. तुमच्या टेबलवरच्या काकू विचारतायत, तुम्ही ठीक आहात ना?”

काकूंकडे माझा केबिन नंबर नव्हता. त्यांनी वेटरला सांगितलं, वेटरने मॅनेजरला, मॅनेजरने रिसेप्शनला. दहा मिनिटांत जहाजावरची नर्स आली. तपासलं, औषध दिलं, घोट घोट पाणी प्यायला सांगितलं. हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं आली. औषधोपचाराचे पैसे बिलात लागले, ते लागतातच, म्हणून प्रवास विमा काढा. अकरा वाजेपर्यंत मी माणसात आले होते. आणि हो, बाथरूममधला तो टेलिफोन टॉवेल वाळवायला नाही, अशाच वेळेसाठी असतो. तो माझ्या डोक्यावरच होता. घाबरलं की डोळ्यांसमोरचंही दिसत नाही.

सोबत

घरी आल्यावर हे आजीला सांगितलं. ती विजयदुर्गची. तिच्या लहानपणी कोकणातून मुंबईला यायचं म्हणजे बोटीनेच. बंदरात बोट लांब उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि वर चढायचं. ती पंधरा वर्षांची असताना मुंबईला भावाकडे आली, घरचं कुणी बरोबर नाही. मी म्हटलं, “म्हणजे तूही सोलो ट्रॅव्हलर!” तर म्हणाली, “एकटी कसली? बोटीत चढवताना माझ्या आयेन गावच्या एका बाईक सांगितलान, ‘ह्या चेडवाक जरा बघा हां.’ ती बाय माका भाऊच्या धक्क्यापर्यंत धा वेळा विचारी, जेवलंस काय?”

याला आपल्याकडे एक साधा शब्द आहे, सोबत. ‘मुंबईला जायला कुणाची सोबत आहे का’ असं पूर्वी सर्रास विचारायचे. सोबत म्हणजे आपल्या ट्रिपमध्ये घुसणारं माणूस नाही. आपण जेवायला आलो नाही हे ज्याच्या लक्षात येईल, असं माणूस.

म्हणून बोअर झालं का, सेफ आहे का, या सगळ्याचं माझं एकत्र उत्तर हे आहे. एकटे जरूर जा. मी पुन्हा जाणार आहे. पण चढल्यावर पहिल्या दिवसात तीन माणसं ठरवा. एक, केबिन आवरणारा दादा किंवा ताई. त्यांना नाव सांगा, ‘मी एकटी आहे’ हे त्यांना सांगायला हरकत नाही, ते त्यांच्या यादीत असतंच. आणि ती पाटी रात्रभर लावून ठेवू नका. दोन, जेवणाचं टेबल. रोज एकाच वेळी, एकाच जागी. तीन, किनाऱ्यावरचं एक माणूस, ज्याला जहाजाचं नाव, केबिन नंबर आणि कुठल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करायची, हे लिहून दिलंय.

आणि हे उलट बाजूनेही करा. तुम्ही मित्रांच्या घोळक्यात गेलात आणि शेजारच्या टेबलवर रोज एकटं जेवणारं माणूस एखाद्या रात्री दिसलं नाही, तर वेटरला एवढंच विचारा, ‘ते आज आले नाहीत का?’ त्याला पैसे पडत नाहीत.

सांगलीच्या काकूंना मी दुसऱ्या दिवशी उतरताना धक्क्यावर भेटले. पाया पडले. म्हणाल्या, “पुढच्या वेळी भांडून ये, म्हणजे घरचे तरी फोन करत राहतील.”

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरातल्या किंवा शेजारच्या कुणा म्हाताऱ्या माणसाने कोकणच्या बोटीने प्रवास केला असेल, तर त्यांना विचारा, तुमच्या सोबतीला कोण होतं? उत्तर व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करून पाठवा. चांगली चार-पाच पुढच्या भागात ऐकवेन. भेटू पुढच्या गुरुवारी. जेवलात ना?